यादीतलं पहिलं कलम

आप्पांच्या शोकसभेत सरपंचानं त्यांना ‘रक्तदान चळवळीचे आधारस्तंभ’ करून टाकलं. फ्लेक्सवरही तेच छापलेलं, वर आप्पांचा फोटो आणि खाली लाल थेंब. मी तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. या माणसानं हयातीत एक रक्तदान शिबिर भरवलेलं नाही. ते लोकांना रक्त द्यायला नाही, रक्त तपासायला घेऊन यायचे. एचआयव्हीसाठी. स्टेजवर बसलेल्या सातही जणांना हे ठाऊक होतं. त्यातलं कोण माझ्या खोलीत येऊन गेलंय ते मी सांगणार नाही, ते सांगायचं नसतं. पण मेलेल्या माणसाच्या कामाचं नाव घ्यायचीसुद्धा यांना लाज वाटावी? ज्या शब्दासाठी त्यानं शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, तो शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. मी चहा न घेता उठून आले.

मी आटपाडीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. समुपदेशक म्हणजे तपासणीच्या आधी माणसाशी बोलायचं, आणि रिपोर्ट आला की पुन्हा बोलायचं. माझी खोली आधी सामानाची होती, तिला खिडकी नाही. रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा दारात एक काटक म्हातारा उभा राहिला. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पायात फौजेतले काळे बूट. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खोलीवर एक नजर फिरवली आणि म्हणाले, “पोरी, साबण कुठाय?” मी म्हटलं, मागवलाय. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं दोन वड्या आणून बेसिनवर ठेवल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन दाखवले, जशी काही मी शाळेत होते.

नाव मायाप्पा. घर धनगराचं. बापानं जन्मभर मेंढरं वळली, हे सैन्यात गेले आणि तिथल्या दवाखान्यात जखमा बांधणं, सुया देणं करत हवालदार होऊन परत आले. गाव त्यांना हवालदार आप्पा म्हणायचं. या रोगावर गोळ्या नव्हत्या त्या काळात त्यांनी फौजेच्या वॉर्डात जवान पोरं झिजून मरताना बघितली होती. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, “पंजाबचा एक गडी हुता. पैलवान. शेवटी मी त्येला एका हातानं उचलून बाजूला करायचो.” आणि उठून हात धुवायला गेले.

आमच्या सांगलीच्या पूर्वभागात घरटी एक माणूस गलाईला असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. दुकानं केरळात, तमिळनाडूत, पंजाबात, कुठं कुठं. पोरगा मिसरूड फुटायच्या आधी जातो, दुकानाच्या माळ्यावर झोपतो, आणि वर्षातून एकदा जत्रेला येतो. आता लगेच कुणी म्हणेल, ही बाई गलाईवाल्यांना नावं ठेवते. अजिबात नाही. माझ्याकडे फौजी आलेत, ड्रायव्हर आलेत, मास्तर आलेत, देवळातले पुजारीसुद्धा आलेत. पण घरापासून अकरा महिने लांब राहणाऱ्या पोराला कुणीतरी चार शब्द सांगायला नकोत? आई लाडूचा डबा देते, बाप पत्ता देतो. बाकीचं सांगायला सगळ्यांची दातखीळ बसते.

ते आप्पा सांगायचे. जत्रा उलगडली की ते एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहायचे, खाकी पिशवी घेऊन. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात निरोधची पाकिटं. “घे. आणि तीन म्हैन्यांनी तपासून घे, असशील तिथं.” आणि हे सगळं परेड घेतल्यासारख्या आवाजात! पोरं लाजून मरायची. एकदा एका पोराची आई अंगावर धावून आली.

“आवं हवालदार, वय काय तुमचं? माझं पोरगं तसलं न्हाई!”

“तसलं म्हंजे कसलं?” आप्पा म्हणाले.

“तसलं म्हंजे… तसलं!”

“माणूस हाय का न्हाई? मग तसलंच हाय. मी बी तसलाच. तुझा नवरा बी तसलाच.”

सगळा स्टँड हसला. बाईनं पदर तोंडाला लावला. गाडी सुटताना मी बघितलं, तिनं ती पाकिटं फेकून द्यायच्या ऐवजी पोराच्या पिशवीत लाडवाच्या डब्याखाली कोंबली होती.

‘तसलं म्हंजे कसलं’ हे त्यांचं हत्यार. कलेक्टर असो नाहीतर कीर्तनकार, सगळ्यांना एकच प्रश्न. हिपॅटायटीस बीची लस घ्यायला माणसं आणायचे तेव्हाही कुणीतरी म्हणायचंच, ही काय काविळीची लस, ती तर ‘तसल्या’ लोकांना देतात. झालं, आप्पा सुरू. बोलणं फटकळ, राग नाकावर. पण अक्षर! असं अक्षर मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही. आणि त्या अक्षरानंच सगळं घडलं, म्हणून ते आता सांगते.

आमच्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. दोन्हीकडची मोठी माणसं जाजमावर बसतात, आणि एकजण कागदावर लिहून घेतो. मानपानाची लुगडी कुणाची, मांडव कुणाचा, वाजंत्री कुणाची, नवरदेवाचे कपडे कुणी घ्यायचे. लिहून झालं की हळद-कुंकू लावून यादी मोठ्यानं वाचतात, आणि मग त्यात कुणाला बदल करता येत नाही. गावातल्या याद्या आप्पा लिहायचे, अक्षरामुळे. आणि एके वर्षी त्यांनी ठरवलं की प्रत्येक यादीत पहिलं कलम आपलं. ‘१. रक्ताचा रिपोर्ट, दोन्ही बाजूंचा.’ लुगड्याच्याही आधी.

लोक आधी हसले. मग चिडले. एका पाटलानं यादीचा कागद फाडला. आप्पांनी पेनचं टोपण लावलं आणि उठले. म्हणाले, “मग दुसऱ्याकडनं लिहून घ्या, कोंबडीचे पाय.” त्यांच्याकडून यादी लिहून घेणं हा आता मान झाला होता, मोडला तर लोक काय म्हणतील! म्हणून लोक तयार व्हायला लागले. का तयार झाले बघा. रोग टळावा म्हणून नाही, अक्षर चांगलं म्हणून! पण पोरं-पोरी जोडीनं दवाखान्यात यायला लागली. आप्पा खूश होते. मीसुद्धा खूश होते, खोटं कशाला बोलू. मी त्यांना एवढंच बजावलं होतं की रिपोर्ट माणसाच्या हातात जातो, त्याचं काय करायचं ते तो ठरवेल. तुम्ही मागायचा नाही. ते हो हो म्हणाले.

मग दत्ता आला. हे खरं नाव नाही. तमिळनाडूत गलाईचं दुकान, स्वभावानं अगदी मऊ. त्याचं सोनालीशी ठरलं होतं. तेही खरं नाव नाही. दत्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्या बिनखिडकीच्या खोलीत तो दोन तास बसला. मी त्याला सांगितलं की आता रोज एक गोळी असते, फुकट मिळते. नेमानं घेतली तर विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा दबून राहिला की जोडीदाराला लागत नाही. लग्नही होतं, पोरंही होतात, चांगली होतात. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, तिला मीच सांगतो. ती न्हाई म्हटली तर न्हाई. पर मला आठ दिवस द्या.” मी म्हटलं, घे की, बाबा. आठ दिवस काय, पंधरा घे.

याद्या पाचव्या दिवशी होत्या.

आप्पांना त्याचा रिपोर्ट माहीत नव्हता. मी सांगितला नव्हता आणि कधी सांगितलाही नसता. पण यादी वाचायची ती रीत. आप्पा उभे राहिले आणि परेडच्या आवाजात वाचलं, “कलम एक. रक्ताचा रिपोर्ट. मुलीचा, आला. मुलाचा, आला न्हाई.”

बस. एवढंच. जाजमावरच्या सगळ्यांनी दत्ताकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता, आणि त्या मानेवरून लोकांनी काय ते ओळखलं. सोनालीचा बाप शंकर (हेही नाव बदललेलं), तो तिथूनच उठला. लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी दत्ताच्या आईला गिरणीत कुणी दळण दळून देईना. तिसऱ्या दिवशी दत्ता तमिळनाडूला निघून गेला. त्यानं माझा फोन उचलला नाही, गोळ्या कधी सुरू केल्या नाहीत, आणि दोन वर्षांनी त्याच्या दुकानाच्या माळ्यावरून त्याचं प्रेतच गावी आलं. आता मरायचं कारण नाही त्या रोगानं. ऐकताय ना? रोज एक गोळी, तीही फुकट. तो रोगानं मेला नाही. त्याला जाजमावर बसून सगळ्यांनी मिळून मारलं.

आणि शंकरनं काय केलं माहीत आहे? गावासमोर आप्पांना फेटा बांधला. ‘आप्पांनी माझी पोरगी वाचवली.’ आप्पांनी तो फेटा बांधूनही घेतला!

दत्ता गावातून गेला त्या दिवसापासून मी दोन वर्षं आप्पांशी बोलले नव्हते. ते दवाखान्यात यायचे, मी तोंड फिरवायचे. प्रेत आलं त्या दिवशी मात्र मीच त्यांच्या घरी गेले आणि अंगणात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला साबणानं हात धुता येतात, पण हे धुता यायचं नाही. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा माणूस. मी दमले तेव्हा म्हणाले, “पाणी पी, पोरी. आन् बरोबर हाय तुजं.”

त्यानंतर त्यांनी यादी लिहायची सोडली. लोकांनी पाय धरले तरी नाही. त्यांच्याकडे एक जुनी एम-एट्टी मोपेड होती, तिच्यावर ते माणसं तपासणीला आणायचे. त्यांच्या ध्यानात आलं की आप्पांच्या मागं बसलेला माणूस म्हणजे ‘तसला’, हे गाव ओळखायला लागलंय. मग त्यांनी सगळ्यांनाच बसवायला सुरुवात केली. बीपीच्या म्हाताऱ्या, कुत्रं चावलेले, गरोदर बायका, दाढ दुखणारे. कोण कशाला चाललंय ते देवालाही कळू नये. पेट्रोल जळायचं, कंबर मोडायची, पण रोज दोन-तीन खेपा. वाटेत कुणी विचारलंच, “काय आप्पा, ह्येला काय झालंय?” तर उत्तर ठरलेलं. “त्येला इचार. मला ऐकू कमी येतंय.” कान तर असे तिखट होते की मी खोलीत पुटपुटलेलं दारातून ऐकायचे.

इकडे शंकरनं सोनालीसाठी दुसरं स्थळ बघितलं. कुंडलकडचं. मुलगा गलाईचाच, पंजाबात. याद्या दुसऱ्या कुणीतरी लिहिल्या, पण पहिलं कलम आता रूढ झालं होतं. आणि शंकरनं मुलाचा निगेटिव्ह रिपोर्ट स्वतः वाचून दाखवला, कागद उंच धरून. गावात जेवणं उठली. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की एक कागद म्हणजे एका दिवसाची गोष्ट. आदल्या काही आठवड्यांत लागण झाली असेल तर ती तपासणीत दिसतही नाही. आणि लग्नानंतर माणूस पुन्हा अकरा महिने बाहेर गेला की तो कागद कशाला उपयोगी पडणार, चुलीला? पण कोण विचारतो! लोकांना तपासणी नको असते, दाखला हवा असतो.

सव्वा वर्षानं सोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. सासरच्यांनी खासगीत दाखवलं होतं, पण ही तपासणी कुणी केली नव्हती. एका मंगळवारी आप्पांनी तिला बीपीच्या एका म्हातारीसोबत दवाखान्यात आणलं, सगळ्यांना आणायचे तसं. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

ती रडली नाही. तिनं पोटावर हात ठेवला आणि विचारलं, “ह्याला बी?”

मी म्हटलं, “अजून नाही. आजपासून रोज एक गोळी घेतलीस, दवाखान्यातच बाळंत झालीस आणि बाळाला आम्ही सांगू ते औषध दिलंस, तर बहुतेक काही होणार नाही. पण एक दिवस चुकायचं नाही.”

“घरात न्हाई घेता येणार.”

“का?”

“आई दवाखान्याच्या गोळ्या उकिरड्यावर टाकती. रक्तवाढीच्या बी टाकल्या. उष्ण पडत्यात म्हणती, बाळ काळं होतंय. आन् ह्या कसल्या हायत ते नानाला कळलं तर…” नाना म्हणजे शंकर.

माझं डोकंच बंद पडलं. नवरा पंजाबात, त्याला फोनवर बोलावून तपासायचं ते वेगळं. सासरी सांगावं तर तेच म्हणणार, हिनंच आणला. (तसंच म्हणाले पुढं. नवऱ्यानं तिकडं गोळ्या सुरू केल्या, पण तिला न्यायला काही आला नाही. त्या घरावर बोलायला लागले तर मला वेगळा कागद लागेल.) तेवढ्यात सोनालीच म्हणाली, “बाहेर आप्पा हायत न्हवं? त्यांना सांगू का मी?”

मी म्हटलं, “तुझी गोष्ट आहे. तुझी मर्जी.”

तिनं त्यांना आत बोलावलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आप्पा भिंतीला टेकले. ही तीच पोरगी, जिला त्यांनी ‘वाचवलं’ होतं. मग म्हणाले, “गोळी किती वाजता घ्यायची?”

संध्याकाळचे सहा ठरले. दुसऱ्या दिवसापासून बरोबर सहाला शंकरच्या दारात एम-एट्टी थांबायची. “सोनाली, पाणी दे गं!” आमच्या कोरडवाहू मुलखात दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणत नाहीत, वैऱ्यालासुद्धा. ती तांब्या घेऊन यायची. आप्पांच्या शर्टाच्या खिशात कागदाच्या पुडीत गोळी असायची. पुडी तिच्या हातात, तांब्या त्यांच्या हातात. ती पाठमोरी होऊन गोळी तोंडात टाकायची, आप्पा दोन घोट पिऊन तांब्या परत द्यायचे, उरलेलं पाणी ती प्यायची. मग एम-एट्टी चालू. ऊन असो, वारं असो, अंगात ताप असो. एकदा गाडी पंक्चर झाली तर चार किलोमीटर चालत गेले आणि सहाला पाच कमी असताना पोचले. मला म्हणाले, “ड्यूटी म्हंजे ड्यूटी.”

पाच आठवडे हे चाललं. मग गावाला नवीन खाद्य मिळालं. म्हातारा रोज तिन्हीसांजेला नवरा परमुलखात असलेल्या पोरीच्या दारात कशाला जातो? याच्या विहिरीचं पाणी आटलंय? पाण्यासाठी याला शंकरचंच घर सापडलं? ज्यांच्या आयांना त्यांनी त्या गाडीवर बीपीच्या गोळ्यांना नेलं होतं, तेच पारावर बसून खिदळत होते. थू तुमच्या तोंडावर!

एका रविवारी पारावर शंकरनं आप्पांना अडवलं. तिथं असलेल्या एकीनं मला नंतर सगळं सांगितलं.

“माझ्या दारात रोज काय काम असतंय?”

“पानी प्यायला येतो.”

“गावात दुसरीकडं पानी न्हाई?”

आप्पा गप्प.

“पोरगी दोन जीवांची हाय. लाज न्हाई वाटत? बोल की! तोंड शिवलंय का?”

आप्पा गप्प. शंकरनं मुस्काटात मारली. मग दुसरी. म्हातारा खाली बसला. कुणी मधे पडलं नाही. एका वाक्यात सुटले असते ते. ‘तुझ्या पोरीला औषध देतो’ एवढं म्हटलं असतं तरी शंकरचा हात लुळा पडला असता. ज्या माणसाला आयुष्यभर आवाज खाली करता आला नाही, तो तोंडातून रक्त पुसत तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन ते माझ्या खोलीत आले. मी म्हटलं, “मी जाते. मी पोलिसांत जाते. मी त्या शंकरला…”

“खाली बस,” ते म्हणाले. “पोरीच्या गोळीचं काय करायचं ते बघ आधी. कालची चुकलीया.”

“तुम्ही बोलला का नाही?”

“एकदा मोठ्यानं वाचलं हुतं की,” ते म्हणाले, “आला न्हाई म्हणून. त्येचं काय झालं ते तू माझ्या अंगणात येऊन सांगून गेलीस.”

आणि मी काही करायच्या आत, दुपारी बाराच्या उन्हात, आठवा महिना लागलेली सोनाली वडापच्या जीपमधून एकटीच उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. म्हणाली, “मॅडम, सगळ्या गोळ्या माझ्याकडं द्या.” मी म्हटलं, आई टाकेल. ती म्हणाली, “टाकून बघू दे.” त्या दिवसापासून ती रोज सहाला घराच्या उंबऱ्यात बसून, आईच्या डोळ्यादेखत गोळी घ्यायची. ताकदीच्या आहेत म्हणायची. “ह्याला हात लावलास तर मी अशीच्या अशी सासरी जाईन.” आईनं हात लावला नाही. मुकाट्यानं गोळ्या गिळणाऱ्या या पोरीत एवढं बळ कुठून आलं असं लोक विचारतील. मला तर वाटतं, त्या दोन थपडांचा आवाज तिला घरात ऐकू आला होता.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात मुलगी झाली. पहिले काही आठवडे तिला औषधाचे थेंब. तपासण्या दीड वर्षभर चालतात. सहा आठवड्यांची चांगली आली, सहा महिन्यांची चांगली आली, पण दीड वर्षाची आली की मगच आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. या दीड वर्षात आप्पांच्या एम-एट्टीवर कुणी बसलं नाही. बीपीच्या म्हाताऱ्यासुद्धा चालत जायच्या. आप्पा रोज गाडी पुसून दारात उभी करायचे. मला भेटायला यायचे तेव्हा त्या बाळाबद्दल एकदाही विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रिपोर्ट ज्याचा त्याचा. पण ते सांगण्यासाठी माझी जीभ वळवळत होती, देवाशपथ!

शेवटच्या रिपोर्टच्या दिवशी आप्पा सकाळीच येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. कसा कळला त्यांना दिवस? बोटांवर मोजत असणार. साडेदहाला सोनाली आली, कडेवर पोरगी. आणि सोबत शंकर! पोरीला लस द्यायची आहे असं तिनं त्याला सांगितलं होतं. आप्पांना बघून शंकरनं मान फिरवली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

मी सोनालीला आत घेतलं, दार लावलं, कागद तिच्या हातात दिला. निगेटिव्ह. पोरगी टेबलावरचा माझा शिक्का चाटत होती. सोनालीनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, “नानाला आत बोलवा.”

“विचार केलायस?”

“दीड वरीस केलाय.”

तिनं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्वतःचा रोग, तो कुठून आला ते, रोजची गोळी, पाण्याचा तांब्या. शंकर पोरीकडे बघत होता, मग नातीकडे, मग कागदाकडे. त्याला वाचता येत होतं, पण त्यानं तो माझ्याकडे केला आणि मी वाचून दाखवला. मला वाटलं आता हा हिच्या अंगावर हात टाकणार. मी टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले. त्यानं दार उघडलं आणि बाहेर गेला, सरळ बाकाकडे.

हे सगळं लिहू का म्हणून मी सोनालीला विचारलं होतं. ती म्हणाली, लिहा की, फक्त नावं नका घालू. म्हणून हे शेवटचंही लिहिते. त्यानंतर दोनच महिन्यांनी आप्पा झोपेत गेले आणि मी त्या दोघांना असं समोरासमोर पुन्हा बघितलं नाही.

शंकर तरातरा येताना बघून आप्पा उठले. त्यांनी चष्मा काढला आणि शेजारी बसलेल्या म्हातारीच्या हातात दिला. “धरा जरा.” हात दोन्ही बाजूला सरळ सोडून ते ताठ उभे राहिले, सावधान. शंकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, हात वर उचलत होता आणि खाली सोडत होता, कुठं ठेवावा ते त्याला समजत नव्हतं. आप्पांना चष्म्याशिवाय हातभरावरचंही धड दिसायचं नाही. त्यांनी हनुवटी जराशी वर केली.

“मार की,” ते म्हणाले. “कशाची वाट बघतुस?”